अंकांची सरस्वती

दसऱ्याच्या सकाळी घराला एक निराळाच वास असतो. झेंडूचा कडसर दरवळ, आंब्याच्या डहाळ्यांचा ओलेपणा, आत वाटल्या जाणाऱ्या वेलदोड्यांचा गोडवा. पाट मांडला जातो, त्यावर धुतलेले वस्त्र अंथरले जाते आणि घरातली माणसे आपापले धन घेऊन येतात. कुणी वह्या-पुस्तके आणते, कुणी कात्री, कुणी पान्यांची पिशवी. शिवणयंत्राला जागेवरच हार पडतो, दाराबाहेरच्या दुचाकीला गोंडा बांधला जातो. या सगळ्याच्या मधोमध असते ती काळी पाटी, आणि तिच्यावर एकाचे आकडे मांडून, त्यांची टोके जुळवून रेखलेली सरस्वती. वीणा नाही, हंस नाही, कमळ नाही, नुसते अंक. विद्येची ही अंकांतून उभी राहिलेली देवता आपण लहानपणी इतक्या वेळा गिरवली, की तिच्यातले नवल आपल्याला कधी जाणवलेच नाही.

आता त्या पाटावर पुस्तकांच्या शेजारी लॅपटॉप येऊन बसला आहे आणि त्याच्या अंगावर घरातले चार-पाच मोबाइल. आजी हळदीकुंकवाचे बोट पुढे करते आणि त्या काळ्या काचेपाशी क्षणभर थबकते, कारण कपाळ नेमके कुठे हे कळत नाही. मग बोट टेकते, काच उजळते, कुणाचा तरी शुभेच्छांचा संदेश तिथे येऊन थांबलेला दिसतो, आणि पुन्हा काळोख होतो. एक आणि शून्य या दोनच अंकांवर चालणारे ते यंत्र आणि एकाच्या आकड्यांनी घडलेली ती सरस्वती यांना शेजारी शेजारी बसलेले पाहिले की वाटते, आपल्या परंपरेने या पाहुण्यासाठी पाटावर जागा जणू आधीपासूनच राखून ठेवली होती.

ज्यांचे आयुष्य छापखान्यात गेले त्यांना खंडेनवमीची आठवण वेगळी आहे. वर्षभर धडधडणारे ट्रेडल त्या दिवशी मुके असायचे. जुळारी खिळ्यांचे खण पुसून, रोजचे शाईने माखलेले हात खसाखसा धुऊन, स्वच्छ सदरा घालून यायचे, यंत्राच्या चाकाला हार घालायचे आणि मग त्याच्याकडे नुसते पाहत उभे राहायचे. रोज ज्याच्या तालावर हात चालतात ते यंत्र स्थिर असताना कसे दिसते, हे वर्षातून त्या एकाच दिवशी कळायचे. कुठला दात झिजला आहे, कुठल्या खणातला ‘ळ’ कमी पडतो, कुठे तेल हवे. पूजेला ठेवलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावायचे नाही, हा आपला जुना रिवाज. कित्येक घरांत त्या दिवशी मुलांनी पुस्तक उघडायचे नाही असा दंडक असे आणि मुलांना त्याचा कोण आनंद व्हायचा! पण त्या रिवाजामागे थांबण्याची एक शिकवण होती. हातातली वस्तू खाली ठेवल्याशिवाय ती डोळ्यांना दिसत नाही.

हे सारे आज मनात येण्याचे कारण आपल्या घरांतली काही मुले-मुली आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी पदव्युत्तर वर्गांत प्रवेश घेतला, दसऱ्यापर्यंत पहिले सत्र निम्म्याहून अधिक सरले, आणि आता सुटीला घरी आली आहेत. त्यांतले काही डिजिटल माध्यमे आणि संस्कृती यांचा अभ्यास करत आहेत. संध्याकाळी सोने द्यायला आलेले काका मोठ्या आपुलकीने विचारतात, “काय गं, कशात एम. ए. करतेस तू?” ती सांगते. काका विचारात पडतात. “पण त्यात शिकवतात काय, बाळ? मोबाइल तर आमचा सहा वर्षांचा नातूसुद्धा चालवतो.” मुलगी हसते, काहीतरी बोलते, आपट्याचे पान हातात घेऊन नमस्कार करते आणि विषय तिथेच संपतो.

तो असा संपू नये असे आपल्याला वाटते. काकांचा प्रश्न मायेपोटी आलेला आहे आणि तो खराही आहे. सगळ्यांनाच जे येते ते दोन वर्षे बसून शिकायचे कशासाठी?

याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. आपल्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ते सापडते. जाते घराघरात होते. पहाटे उठून दळण सगळ्याच बाया दळत, आणि दळताना ओव्या म्हणत. त्यात कुणाला नवल वाटत नव्हते. पण १९८०च्या दशकात हेमा राइरकर आणि जन्माने फ्रेंच पण मनाने व पुढे नागरिकत्वानेही भारतीय झालेले गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात काम करताना या जात्यापाशी थांबायचे ठरवले. काम करता करता बाया काय म्हणत आहेत, ते त्यांनी ऐकले, कागदावर उतरवले, ध्वनिमुद्रित केले. सहकाऱ्यांचा मेळ जमत गेला, आणि महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा झाल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल या संगणक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकाने त्यांचा संगणकीय साठा उभारायला हातभार लावला. ओवीसोबत गाणारीचे नाव, तिचे गाव आणि विषयाचा संकेतांक नोंदवला गेला. २०१७ पासून हे भांडार ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’वर टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुले होत आहे. तोवर पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली होती आणि जाती माळ्यावर किंवा परसात जाऊन पडली होती. दळणे थांबले तसे गाणेही थांबले. थांबायच्या आधी कुणीतरी ऐकले, म्हणून आज एखादी मुलगी कानाला यंत्र लावून आपल्या पणजीच्या पिढीतल्या बाईचा आवाज ऐकू शकते, त्यात नवऱ्याबद्दलचा राग ऐकते, भावाबद्दलची ओढ ऐकते, आणि बाबासाहेबांबद्दलची अपार कृतज्ञताही ऐकते.

दळण सगळ्यांना येत होते. दळताना काय घडते आहे ते पाहणे मात्र वेगळे काम होते. काकांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, आणि ते मुलीने संकोच न बाळगता द्यावे.

या विद्याशाखेची पाळेमुळे जिथे आहेत तिथेही गोष्ट काही निराळी नव्हती. इंग्लंडमधल्या लीड्सच्या कामगार वस्तीत वाढलेल्या रिचर्ड हॉगर्ट यांनी १९५७ साली एक पुस्तक लिहिले. आपल्या वस्तीतली माणसे कोणती मासिके वाचतात, कोणती गाणी म्हणतात, घरात कशी बोलतात, हा त्याचा विषय. साहित्याच्या विद्यापीठीय अभ्यासात तोवर या गोष्टींना फारसे कुणी विचारत नव्हते. १९६४ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले, तेही पदव्युत्तर संशोधनासाठीच. पुढे जमैकातून आलेल्या स्टुअर्ट हॉल यांनी ते घडवले आणि जगभर त्याचे नाव झाले. २००२ साली विद्यापीठाने ते बंद केले. पण तोवर बीज वाऱ्यावर गेलेले होते. आपल्याकडे मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यमे आणि सांस्कृतिक अभ्यास यांचा पदव्युत्तर वर्ग आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत वृत्तपत्रविद्येचे वर्ग १९६४ पासून भरत आले. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांपासून छापील आवृत्त्यांपर्यंतचे सारे पाठ एकत्र आणून ‘बिचित्रा’ नावाचा विशाल संगणकीय संग्रह २०१३ मध्ये उभा राहिला. नावे वेगवेगळी, अभ्यासक्रम वेगवेगळे, पण रोजच्या वापरातल्या गोष्टीपाशी थांबण्याचा धडा सगळीकडे आहे.

अडचण येते ती पुढच्या पायरीवर. या वर्गांतले बहुतेक वाचन इंग्रजीत असते आणि त्यातले दाखले लंडनचे, न्यू यॉर्कचे असतात. युर्गेन हाबरमास या जर्मन विचारवंताने १९६२ मध्ये मांडलेला सिद्धान्त वर्गात शिकवला जातो. अठराव्या शतकातल्या युरोपात कॉफीच्या दुकानांतून, वृत्तपत्रांतून चर्चा करणारा एक समाज तयार झाला, त्यातून लोकमत नावाची शक्ती जन्मली, असा त्याचा गाभा. आपली मुलगी हे वाचते, त्यावर निबंध लिहिते, तिला गुणही मिळतात. पण तिच्या गावात कॉफीचे दुकान नव्हते. पार होता, चावडी होती, सार्वजनिक वाचनालय होते. ‘सार्वजनिक’ हा आपला शब्दच केवढा इतिहास पोटात घेऊन आहे! १८७०ची पुणे सार्वजनिक सभा, १८९३ पासूनचा सार्वजनिक गणेशोत्सव, पुढे सार्वजनिक नळ, सार्वजनिक विहीर. आणि त्या शब्दाच्या छातीवर एक जुनी जखमही आहे, कारण सार्वजनिक म्हटलेल्या तळ्याचे पाणी सर्वांना नव्हते. महाडला १९२७ साली बाबासाहेबांना आणि त्यांच्या अनुयायांना ते ओंजळीत घेऊन दाखवावे लागले. पारावर कोण बसायचे आणि कोण खाली उभे राहायचे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ज्याला हे ठाऊक आहे तो विद्यार्थी गावाच्या व्हॉट्सअॅप समूहाकडे पाहील तेव्हा त्याला लंडनच्या अभ्यासकाला सुचणार नाहीत असे प्रश्न सुचतील. समूहाचा अॅडमिन कोण? कुणाच्या वाढदिवसाला शंभर शुभेच्छा येतात आणि कुणाच्या संदेशाला कुणीच उत्तर देत नाही? कोणत्या जयंतीच्या छायाचित्रावर सगळे हात जोडतात आणि कोणत्या जयंतीला समूहात एकाएकी शांतता पसरते? बायकांचे नंबर त्यात आहेत का, आणि असले तर त्या बोलतात का? हाबरमास वाचावाच, पण तो वाचून झाल्यावर पाराकडे परतावे, आणि पाराकडून पुन्हा हाबरमासकडे जाऊन त्याला चार गोष्टी विचाराव्यात. सिद्धान्ताचे खरे सीमोल्लंघन ते.

असे विषय आपल्या अवतीभवती पडलेले आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करी. आता शेतकऱ्याने बांधावर जाऊन, मोबाइलमधल्या अॅपमधून आपल्या उभ्या पिकाचे छायाचित्र काढून नोंद करायची, आणि ती सातबाऱ्यावर चढायची. शेतकऱ्याच्या हाती स्वतःच्या पिकाची नोंद आली, ही मोलाची गोष्ट. पण खोऱ्यातल्या शेतात रेंज नसते, म्हाताऱ्या खातेदाराकडे साधा फोन असतो, मग गावातला एखादा शिकलेला मुलगा दहा जणांची पाहणी करून देतो. तो मुलगा कोण? त्याला त्यातून काय मिळते, मान की पैसे की दोन्ही? तलाठ्याशी बोलताना जी भाषा होती ती जाऊन तिच्या जागी आलेल्या पडद्यावरच्या चौकटींत आंतरपीक, पडीक, बांधावरचे झाड कसे मावते? एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाने याच विषयावर आपला लघुशोधप्रबंध लिहिला तर माध्यमविद्येला आणि महसूल खात्याला, दोघांनाही त्यातून शिकता येईल. दसऱ्याला खरिपाचे पीक घराकडे यायला लागते. त्या पिकाचे छायाचित्र आधीच शासनाच्या दप्तरी पोहोचलेले असते. केवढा हा बदल, आणि आपण त्याच्याबद्दल किती थोडे लिहिले आहे!

आजच्याच दिवसाचा आणखी एक विषय. १४ ऑक्टोबर १९५६च्या अशोक विजयादशमीला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना दिली. तेव्हापासून दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर परतताना पिशव्या भरून पुस्तके घेऊन जातो. पुस्तकांच्या त्या दुकानांशेजारी गाण्यांच्या कॅसेटी विकल्या जात, मग सीडी आल्या, मग छोटी मेमरी कार्डे आली, आणि आता गाणी थेट फोनवर वाजतात. वामनदादा कर्डकांपासूनची भीमगीतांची ही वाट पोवाड्याच्या फडातून मोबाइलच्या रिंगटोनपर्यंत कशी आली? उत्तर भारतातल्या कॅसेटींवर पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली पुस्तक लिहिले, ते आजही वर्गांतून वाचले जाते. भीमगीतांच्या या प्रवासावरही तितक्याच तोलाची पुस्तके मराठीत यायला हवीत, आणि ती लिहिणारा विद्यार्थी कदाचित आत्ता एखाद्या वसतिगृहात बसून विषय काय घ्यावा या विवंचनेत असेल.

पण विषय निवडण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तातडीचे काम जपण्याचे आहे. येथे आपल्याला सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाची आठवण होते. चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा करायला सुरुवात केली. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे ते गेले; कुणी काय सांगितले ते निगुतीने टिपले. १२७८च्या सुमारास ऋद्धिपुरात सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ हे त्या पायपिटीचे फळ. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा लिहिली, म्हणून तिचे अनेक पाठ झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढच्या काळात पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. ग्रंथ राहिले, पण किल्ली पंथाबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे-भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती ती आली तेव्हा मराठी गद्याचा केवढा तरी मोठा ठेवा उजेडात आला. तोवर कित्येक शतके तो आपल्यातच होता, आणि आपल्याला वाचता येत नव्हता.

तशीच एक सांकेतिक लिपी आपणही नकळत निर्माण करून ठेवली आहे. संगणकावर मराठी अक्षरे आली तेव्हा सर्वांना मान्य असा एकच संकेत नव्हता. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोलाचे काम केले, १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आले, त्याच वर्षी जगाच्या सर्व लिप्यांना एका छत्राखाली आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण छापखान्यांच्या, वृत्तपत्रांच्या, दिवाळी अंकांच्या रोजच्या कामात पुढे कितीतरी वर्षे खाजगी टंक चालले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. पडद्यावर ‘सरस्वती’ दिसे. यंत्राच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग असे. तो टंक असला तर मजकूर वाचता येई, तो हरवला की सगळाच गोंधळ. आपल्याच नियतकालिकाच्या कार्यालयातल्या कपाटात त्या काळातल्या अंकांच्या सीडी आहेत. मागे एकदा जुना लेख हवा होता म्हणून त्यांतली एक उघडली, तर मान्यवर लेखकाने जीव ओतून लिहिलेले शब्द ओळखता येईनात. छापील अंक हाताशी होता म्हणून निभावले. दोन तपांचे मराठी लेखन आज अशा कपाटांत पडून आहे. ते सोडवायला म्हाइंभटांची चिकाटी आणि राजवाड्यांची दृष्टी असलेली नवी मुले लागणार आहेत, आणि त्यांना संगणकही यावा लागेल आणि जुनी मराठीही.

अक्षराची ही गोष्ट र. कृ. जोशी यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. पवईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या या सुलेखनकाराने बोरूने आणि कुंचल्याने अक्षर घोटले, आणि तोच हात संगणकाकडे वळवला. विंडोजच्या संगणकांवर देवनागरी म्हणून वर्षानुवर्षे आपण जे पाहत आलो तो ‘मंगल’ टंक त्यांच्या हातचा. कोट्यवधी माणसांनी त्यात अर्ज लिहिले, प्रेमपत्रे लिहिली, शोकसंदेश लिहिले, आणि त्या अक्षरामागे एक मराठी माणूस बसला आहे हे कुणाच्या ध्यानीही आले नाही. २००८ साली ते गेले. त्याच वर्षी युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ या अक्षराला स्वतःची जागा मिळाली. एक अक्षर ते केवढे! पण ‘ॲ’ लिहिता यावा म्हणून कुठेतरी कुणीतरी प्रस्ताव मांडावा लागतो, युक्तिवाद करावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो. भाषेच्या बाजूने तिथे बसायला माणसे हवीत. तीही या वर्गांतूनच यायची आहेत.

जे अलीकडचे आहे ते तर आणखी नाजूक. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. निर्णयाची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती आणि त्यांची चर्चा स्वतंत्र आहे. पण त्या अॅपवर आपल्या खेड्यापाड्यांतल्या, वाड्या-तांड्यांवरच्या मुलामुलींनी शेताच्या बांधावर, गोठ्यापुढे, एसटीच्या थांब्यावर उभे राहून नाचून-गाऊन-हसवून जे केले होते, ते दोन-तीन दिवसांत आपल्या डोळ्यांआड झाले. कॅमेऱ्यापुढे आयुष्यात पहिल्यांदाच उभे राहिलेल्या किती माणसांचा तो ठेवा होता! कुणी तो जपला नाही, कारण तो जपण्याजोगा आहे असे कुणाला वाटले नाही. दादासाहेब फाळक्यांचे चित्रपटही त्यांच्या काळात कुणाला जपण्याजोगे वाटले नव्हते. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांच्यासारखा माणूस गावोगाव जाऊन गंजक्या डब्यांतून रिळे सोडवून आणू लागला, तोवर बरेच काही कायमचे गेले होते. मुंबईत २००८ पासून ‘पॅड.मा’ हा चित्रफितींचा खुला संग्रह काही कलावंत-अभ्यासकांनी मिळून चालवला आहे. त्यात चित्रपट संपादित झाल्यावर उरणारे चित्रणही टिपणांसह जपले जाते. अशा हातांची संख्या वाढली पाहिजे.

जपण्याच्या या उत्साहाला एक मर्यादाही पाळावी लागेल, आणि ती शिकवणे हे गुरुजनांचे मोठे कर्तव्य आहे असे आपण मानतो. घरच्या समूहात आत्याने रडत सांगितलेली गोष्ट ही अभ्यासाची सामग्री नव्हे. ती आत्याची गोष्ट आहे. पडद्याचे छायाचित्र काढणे फार सोपे झाले, म्हणून विचारणे अनावश्यक झाले नाही. ओव्या गोळा करणारी माणसे बायांच्या ओसरीवर बसली, त्यांच्यासोबत जेवली, त्यांच्या सुखदुःखाला गेली, आणि मग गाणारीचे नाव तिच्या संमतीने ओवीपुढे लिहिले गेले. आजच्या अभ्यासकाने कधी नाव लिहून मान द्यायचा असतो, तर कधी नाव झाकून. कुठे काय करायचे हे त्या माणसाकडूनच समजून घ्यावे लागते. २०२३ साली देशात वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा झाला. पण परवानगी मागण्याची आपली रीत त्याहून जुनी आहे. परसातले फूल तोडतानाही आपण विचारत आलो.

२०२४च्या ३ ऑक्टोबरला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, पेढे वाटले गेले. त्याच सुमारास म्हाइंभटांच्या ऋद्धिपुरात मराठी भाषा विद्यापीठही उभे राहू लागले. घट बसवताना आपण मातीत धान्य पेरतो आणि नऊ दिवसांनी उगवलेले कोवळे पिवळसर तुरे टोपीत, केसांत खोवतो. त्या दर्जाच्या मातीत काय पेरायचे हे ठरवताना ताम्रपट, शिलालेख, पोथ्या यांना पहिला मान मिळावा, तो त्यांचा हक्कच आहे. पण त्यांच्या ओळीला आजच्या मराठीची मूठही पडावी: संदेशांतली रोमन लिपीत लिहिलेली मराठी, आवाजी निरोपांतली वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, चित्रफितीखालच्या दोन शब्दांच्या अभिप्रायांत घडणारे नवे शब्द. विद्यापीठांनी पदव्युत्तर विद्यार्थ्याला या विषयांवर मराठीत प्रबंध लिहिण्यासाठी नुसती परवानगी देऊ नये, मार्गदर्शकही द्यावा; ग्रंथालयांनी त्या प्रबंधांना कपाटात न कोंडता वाचकांसमोर ठेवावे; आणि आपल्यासारख्या नियतकालिकांनी त्यांतले उत्तम ते साध्या भाषेत लिहवून घेऊन छापावे. हे शेवटचे काम आपले स्वतःचे आहे आणि येत्या दिवाळीपासून ते सुरू करण्याचा संकल्प आज पाटीपूजनाच्या साक्षीने आपण करतो आहोत.

संध्याकाळ होत आली आहे. सोने लुटून माणसे परतली आहेत, पाटावरचे झेंडू थोडे मलूल झाले आहेत. उत्तरपूजा झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने आपापला फोन उचलून नेला, कुंकवाचा ठिपका अंगठ्याने पुसून टाकला. ती मुलगी मात्र अजून पाटापाशीच आहे. सकाळी तिने आजीला विचारले होते, तू लहान असताना दसऱ्याला काय गायचीस, आणि आजीने “बघू, आठवलं तर” म्हणून टाळले होते. आता आजी स्वतःच येऊन बसली आहे. मुलीने फोन दोघींच्या मध्ये पाटावर ठेवला, पालथा, म्हणजे उजळणाऱ्या काचेने आजी बावचळायची नाही. वही उघडून तिने वरच्या कोपऱ्यात तिथी आणि तारीख लिहिली, आजीचे माहेरचे नाव विचारून लिहिले, तालुक्यासकट गाव लिहिले.

“हे ठेवून देऊ ना गं आजी? कुणी ऐकलं तर चालेल?”

आजीने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि डोळे मिटून पहिला शब्द शोधू लागली.